आजाराला गावाचं नाव, देशाचं नाव: नागपुरातून वारंवार येणारे प्रश्न

मी नागपुरात तीस वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर शाळा, वाचनालयं, ज्येष्ठ नागरिक मंडळं, जिथे बोलावतील तिथे साथीच्या आजारांवर बोलायला जातो. बोलणं संपलं की चिठ्ठ्या येतात आणि पुढे कित्येक दिवस फोनवर मेसेज येत राहतात. २०२० पासून त्यांत एक विषय काही केल्या थांबत नाही: आजारांची नावं. तेच ते प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं दिली आहेत. प्रश्नांचे शब्द शक्यतो विचारणाऱ्यांचेच ठेवले आहेत.

१. सर, आजार जिथून आला तिथलं नाव त्याला दिलं तर बिघडलं कुठे?

सगळी अडचण ‘जिथून आला’ या दोन शब्दांत आहे. नाव ठेवायची वेळ येते तेव्हा आजार कुठून आला हे बहुतेकदा कुणालाच ठाऊक नसतं. ठाऊक असतं ते एवढंच, की तो पहिल्यांदा कुठे ओळखला गेला, कुणी कळवला, कुठल्या प्रयोगशाळेत त्याचा जंतू हाती लागला. नाव चिकटतं ते त्या ठिकाणाला.

मारबर्ग विषाणूचं बघा. १९६७ साली जर्मनीतल्या मारबर्ग शहरात प्रयोगशाळेतले कर्मचारी आजारी पडले. युगांडाहून आणलेल्या माकडांच्या ऊतींवर ते काम करत होते. विषाणू आला आफ्रिकेतून, नाव लागलं जर्मन शहराला. अशी आणखीही उदाहरणं आहेत, त्यांतलं सगळ्यात मोठं पुढच्याच प्रश्नात येईल.

दुसरं नुकसान मला याहून गंभीर वाटतं. आपल्या तालुक्यात काही नवं दिसलं आणि आपण ते कळवलं तर आपल्या गावाच्या कपाळावर ते नाव कायमचं बसणार, अशी धास्ती असेल तर कळवणारा दहादा विचार करेल. साथीत एका आठवड्याचा उशीर किती महाग पडतो, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

२. स्पॅनिश फ्लू स्पेनमध्ये सुरू झाला नव्हता म्हणे. मग ते नाव कसं पडलं?

खरं बोलल्याबद्दल पडलं. १९१८ मध्ये पहिलं महायुद्ध चालू होतं. लढणाऱ्या देशांत वर्तमानपत्रांवर बंधनं होती. आपले सैनिक तापाने पटापट आडवे पडत आहेत हे छापायची सोय नव्हती. स्पेन युद्धात नव्हता. तिथल्या वर्तमानपत्रांनी साथीच्या बातम्या उघड छापल्या, राजा तेरावा अल्फोन्सो आजारी पडला तेही छापलं. बाहेरच्या जगाला वाटलं, साथ स्पेनमध्येच आहे. प्रत्यक्षात मार्च १९१८ मध्येच अमेरिकेत कॅन्ससच्या फनस्टन छावणीत शेकडो सैनिक तापाने पडल्याची नोंद आहे. या साथीचा उगम नक्की कुठला, यावर संशोधकांत आजही एकमत नाही. एवढं मात्र नक्की, की स्पेनवर बोट ठेवायला काही आधार नव्हता.

स्पेनमधले लोक तरी त्याला कुठे ‘स्पॅनिश’ म्हणत होते! ते म्हणत ‘नेपल्सचा सैनिक’. ब्राझीलमध्ये तो जर्मन फ्लू झाला, सेनेगलमध्ये ब्राझिलियन, पोलंडमध्ये बोल्शेविक आजार. ज्याचा राग किंवा ज्याची भीती, त्याचं नाव.

३. माझी आजी ‘मानमोडी’ची गोष्ट सांगायची. तो हाच आजार का?

हो, तोच. मराठी मुलखात १९१८ च्या इन्फ्लुएन्झाला लोकांनी मानमोडी म्हटलं. ताप इतका जबर, की माणसाची मान मोडून पडावी. जून १९१८ मध्ये मुंबईत साथ दिसली, पावसाळ्यानंतर दुसरी लाट आली आणि ती फार भयंकर होती. देशभरात १.२ ते २ कोटी माणसं गेली असा अंदाज आहे. १९११ ते १९२१ या एकाच दशकात जनगणनेत भारताची लोकसंख्या घटलेली दिसते. नागपूर तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होतं, आणि हा प्रांत सर्वाधिक होरपळलेल्या भागांत होता. विदर्भातल्या जुन्या घरांत अजून ‘मानमोडीत गेले’ असं पणजोबांच्या एखाद्या भावाबद्दल बोललं जातं. तुमच्याकडे अशी आठवण असेल तर लिहून ठेवा, नावानिशी, गावानिशी.

शेजारच्या प्रांतांत याच आजाराला ‘बॉम्बे फीवर’ही म्हटलं गेलं. तुमच्या आजीच्या शब्दाने मात्र कुठल्याही गावावर ठपका ठेवला नाही. ताप माणसाचं काय करतो तेवढंच सांगितलं. या मुद्द्याकडे प्रश्न १४ मध्ये परत येऊ.

४. दुसऱ्या देशाच्या माथी आजार मारणं ही अलीकडची खोड आहे का?

फार जुनी आहे, आणि आपणही त्यात होतो. १४९५ च्या सुमारास इटलीत नेपल्सवर चालून आलेल्या फ्रेंच सैन्यात सिफिलिस हा गुप्तरोग पसरला. इटालियन लोकांनी त्याला फ्रेंच आजार म्हटलं, फ्रेंचांनी नेपल्सचा. रशियन त्याला पोलिश म्हणत, पोलिश लोक जर्मन, आणि जपानात त्याचं नाव चीनशी जोडलं गेलं. ‘सिफिलिस’ हा शब्द १५३० मध्ये फ्राकास्तोरो या इटालियन वैद्याच्या काव्यातून आला. ते एका मेंढपाळाचं नाव आहे, पण त्या काव्याच्या शीर्षकातही ‘फ्रेंच आजार’ आहेच.

आपल्याकडे सोळाव्या शतकात भावमिश्राने ‘भावप्रकाश’ या ग्रंथात याला ‘फिरंग’ म्हटलं. फिरंग नावाच्या देशात तो फार आढळतो म्हणून वैद्य त्याला फिरंग म्हणतात, असं कारणही दिलं. मराठी वैद्यकात ‘फिरंगोपदंश’ हा शब्द पुढे शतकानुशतकं टिकला. आपल्या ग्रंथांत ‘फिरंग’ आहे हे लक्षात असलं, की दुसऱ्यांच्या ‘इंडियन व्हेरियंट’वर बोलताना आवाज आपोआप खाली येतो.

५. टीव्हीवर ‘चांदीपुरा’ ऐकलं. हे आपल्या नागपूरचंच नाव आहे का जी?

आपलंच आहे. १९६५ साली नागपुरात चिकुनगुन्या आणि डेंग्यूच्या तापाची साथ होती. तेव्हा चांदीपुरा इथल्या दोन तापाच्या रुग्णांच्या रक्तात एक वेगळाच विषाणू सापडला. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने, तो ओळखला आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे त्याला गावाचं नाव दिलं.

पुढची जवळजवळ चाळीस वर्षं हे नाव फक्त पुस्तकांत होतं. मी वर्गात शिकवायचो तेव्हा मुलांना गंमत वाटायची, की आपल्या जिल्ह्यातल्या गावाचं नाव जगाच्या विषाणूंच्या यादीत आहे. २००३ मध्ये ती गंमत संपली. आंध्र प्रदेशात मुलांना अचानक ताप, झटके, बेशुद्धी आणि काही तासांत मृत्यू, अशी साथ आली. ३२९ मुलं आजारी पडली, त्यांतली १८३ गेली. पुढे गुजरातेत रुग्ण निघाले, २००७ मध्ये आपल्या नागपूर विभागात निघाले. २०२४ च्या पावसाळ्यात पुन्हा गुजरातेत मोठी साथ आली. गेल्या वीस वर्षांतली ही सर्वात मोठी, असं जागतिक आरोग्य संघटनेने नोंदवलं.

आता नावाकडे बघा. हा विषाणू सँडफ्लाय नावाच्या बारीक माशीतून पसरतो. आफ्रिकेतही तो सापडला आहे, सेनेगलमध्ये सँडफ्लायमध्ये आणि नायजेरियात साळिंदरासारख्या काटेरी, छोट्या हेजहॉग प्राण्यात. मग तो चांदीपुऱ्यात जन्मला असं म्हणता येईल का? नाही. तिथे त्या वर्षी तापाच्या रुग्णांचं रक्त कुणीतरी काळजीपूर्वक तपासलं, एवढंच ते नाव सांगतं. २०२४ मध्ये गुजरातेतल्या माझ्या एका नातेवाइकाने फोन करून विचारलं, “तुमच्याकडून आलं ना हे?” मी त्याला हेच सांगितलं. पण नावाचा चटका काय असतो, तो त्या दिवशी पहिल्यांदा मला स्वतःला बसला.

६. चांदीपूर म्हणजे ओडिशातलं, क्षेपणास्त्रांचं ना?

नाही. ते चांदीपूर वेगळं, बालासोरजवळ समुद्रकाठी. त्याचा या विषाणूशी संबंध नाही. नावातल्या एका अक्षराने दुसऱ्याच राज्यावर संशय जातो.

७. मग आता नावं ठेवायचे काही नियम आहेत का?

आहेत. मे २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्राणी आरोग्य आणि अन्न-कृषी क्षेत्रांतल्या आंतरराष्ट्रीय संघटनांना सोबत घेऊन मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. माणसांच्या नव्या संसर्गजन्य आजाराच्या नावात गाव, शहर, देश, खंड नको. व्यक्तीचं नाव नको. प्राण्याचं, अन्नपदार्थाचं नको. समाजाचं, धंद्याचं नको. ‘अज्ञात’, ‘प्राणघातक’ असे घाबरवणारे शब्दही नकोत. लक्षणं काय, कुणाला होतो, किती तीव्र, कुठल्या ऋतूत, जंतू कोणता, वर्ष कोणतं, यांवरून नाव बांधावं.

या नियमांमागे तेव्हा ताजा असलेला एक अनुभव होता. २०१२ मध्ये सौदी अरेबियात सापडलेल्या कोरोना विषाणूच्या आजाराला २०१३ मध्ये ‘मर्स’ नाव मिळालं. त्यातले ‘एम’ आणि ‘ई’ ‘मिडल ईस्ट’चे, म्हणजे मध्यपूर्वेचे. एक सबंध प्रदेश एका आजाराच्या नावात अडकला.

११ फेब्रुवारी २०२० ला ‘कोविड-१९’ हे नाव जाहीर झालं ते याच नियमांनी. ‘को’ कोरोनाचा, ‘वि’ विषाणूचा, ‘ड’ इंग्रजीतल्या आजार या शब्दाचा आणि १९ हे वर्ष.

८. नियम आहेत तर इबोला, झिका, निपाह अजून का चालतात? ती तर गावांचीच नावं ना?

नियम नव्या आजारांसाठी आहेत, जुन्यांना मागे जाऊन लागू होत नाहीत. झिका हे युगांडातल्या जंगलाचं नाव, विषाणू १९४७ चा. निपाह मलेशियातल्या गावाचं, १९९८-९९ च्या साथीतलं. चांदीपुराही याच जुन्या पंगतीत बसतं. हजारो शोधनिबंधांत रुळलेलं नाव बदललं तर जुनं ज्ञान शोधणं कठीण होतं, ही अडचणही खरी आहे.

तरी नियम येण्याआधीही काही लोकांनी विचार केला होता. १९७६ मध्ये काँगोत, तेव्हाच्या झैरेमध्ये, यांबुकू गावात साथ आली. गावाला डाग लागू नये म्हणून संशोधकांनी जवळच्या नदीचं नाव दिलं: इबोला. हेतू चांगला होता, पण नदीकाठची माणसंही माणसंच. अमेरिकेत १९९३ मध्ये हंता गटातला एक नवा विषाणू सापडला. आपल्या भागाचं नाव द्यायला स्थानिकांनी विरोध केला, शेवटी त्याचं नाव पडलं ‘सिन नोम्ब्रे’. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ ‘बिननावाचा’.

९. ‘इंडियन व्हेरियंट’वर सरकारने आक्षेप घेतला तेव्हा काही जण म्हणाले, उगाच मनाला लावून घेतात. तुमचं मत काय?

माझं मत, आक्षेप बरोबर होता. फक्त तो आपल्यापुरता थांबायला नको होता.

आधी घटनाक्रम सांगतो, कारण त्याची सुरुवात आपल्या दाराशी आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती, अकोला, यवतमाळ इथे रुग्ण झपाट्याने वाढले. अमरावतीत टाळेबंदी लागली, मार्चच्या मध्यावर नागपुरातही लागली. त्या महिन्यात आपल्या शहरात मी स्वतः ‘अमरावतीचा कोरोना’ असं ऐकलं, एस.टी. स्टँडवर ऐकलं, किराणा दुकानात ऐकलं. नागपूरकर अमरावतीकरांपासून दोन हात लांब उभे राहत होते. मग एप्रिलमध्ये जग आपल्याकडे बोट दाखवू लागलं आणि तोच विषाणू ‘इंडियन’ झाला. शेजारच्या जिल्ह्याला आपण जे केलं, तेच जगाने आपल्याला केलं, दोन महिन्यांच्या अंतराने.

१२ मे २०२१ ला केंद्र सरकारने स्पष्ट केलं, की जागतिक आरोग्य संघटना ‘इंडियन व्हेरियंट’ हा शब्द वापरत नाही. २१ मे ला माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने समाजमाध्यमांच्या कंपन्यांना तसा मजकूर काढायला सांगितलं. ३१ मे ला ग्रीक अक्षरं आली: ब्रिटनमध्ये आढळलेला अल्फा, दक्षिण आफ्रिकेतला बीटा, ब्राझीलमधला गॅमा आणि आपल्याकडे नोंदलेला बी.१.६१७.२ हा डेल्टा. मला त्यातली समानता आवडली. एकाच दिवशी चौघांच्या नावावरचा डाग पुसला गेला.

माझा पुतण्या तेव्हा परदेशात शिकत होता. त्याच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात ‘इंडियन’ विषाणूच्या भीतीने मुलं त्याची भांडी वेगळी ठेवू लागली. तो वर्षभर भारतात आलेला नव्हता. मनाला लावून घेऊ नका हे सांगायला सोपं आहे.

१०. मग ‘चायना व्हायरस’ म्हणणंही चूक? चीनने माहिती दडवली त्याचं काय?

चूकच. माहिती वेळेवर दिली नाही ही तक्रार सरकारविरुद्धची आहे, ती सरकारचं नाव घेऊन करावी. ‘चायना व्हायरस’ या शब्दाचा मार वुहानच्या अधिकाऱ्यावर बसत नाही. तो बसतो पुणे-नागपूरच्या कॉलेजात शिकणाऱ्या मणिपूर, नागालँड, मिझोरमच्या मुलांवर. मार्च २०२० मध्ये देशभर त्यांना रस्त्यात ‘कोरोना’ म्हणून हाका मारल्या गेल्या. केंद्रीय गृह मंत्रालयाला राज्यांना पत्र लिहून हा छळ थांबवायला सांगावं लागलं.

नागपुरातलाच हिशोब मांडू. शहरातला पहिला रुग्ण मार्च २०२० मध्ये अमेरिकेहून परतलेला होता. कुणीही त्याला ‘अमेरिकन व्हायरस’ म्हटलं नाही. पुढच्या महिन्यात सतरंजीपुरा आणि मोमिनपुरा इथे रुग्ण वाढले, आणि लगेच वस्त्यांची नावं आजारासारखी उच्चारली जाऊ लागली. यात मीही होतो. फोनवर बोलताना मी ‘मोमिनपुऱ्याचा पेशंट’ असं म्हणालो. पलीकडे माझी जुनी विद्यार्थिनी होती, तिचं माहेर तिथलंच. ती एवढंच म्हणाली, “सर, पेशंट नागपूरचा आहे ना?” मला उत्तर देता आलं नाही. दाट वस्ती, लहान घरं, सामायिक नळ, हे साथ वाढण्याचं कारण होतं. ते कारण मला चांगलं ठाऊक होतं, तरी तोंडातून वस्तीचं नाव आलं.

११. पण नाव दडवलं की उगम शोधणंही थांबतं ना? मग दोषी सुटतात.

हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे आणि तो रागाने विचारला जातो, ते योग्यच आहे. उगम शोधलाच पाहिजे. तो शोधायला नावात देश लागत नाही.

हैतीचं उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०१० मध्ये भूकंपाने खचलेल्या त्या देशात अचानक कॉलरा आला. तपासाचा माग संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या छावणीपर्यंत गेला. छावणीतलं सांडपाणी नदीत जात होतं, सैनिक नेपाळहून आले होते आणि नेपाळमध्ये तेव्हा कॉलरा होता. जवळजवळ दहा हजार माणसं मेली. संयुक्त राष्ट्रांनी वर्षानुवर्षं टाळाटाळ केली, पण पुरावा असा भक्कम होता की २०१६ मध्ये सरचिटणीसांना हैतीच्या लोकांची माफी मागावी लागली. या सगळ्यात आजाराला ‘नेपाळी कॉलरा’ म्हणायची गरज पडली नाही. म्हटलं असतं तर दोष छावणीच्या सांडपाण्यावरून उठून नेपाळी माणसावर गेला असता, आणि ज्यांनी सांडपाण्याची सोय केली नाही ते खरोखर सुटले असते.

याच कॉलऱ्याला एकोणिसाव्या शतकात युरोप ‘एशियाटिक कॉलरा’ म्हणे. १८६६ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने त्याचं मूळ भारतात, गंगेच्या खोऱ्यात असल्याचं ठरवलं. तो माणसांसोबत प्रवास करतो हे परिषदेचं म्हणणं बरोबर होतं. पण त्याचा उपयोग मुख्यतः हज यात्रेकरू आणि जहाजं अडवायला झाला. इकडे भारतातलं ब्रिटिश सरकार व्यापार अडेल म्हणून संसर्गच नाकारत राहिलं. दोन्हीकडच्या राजकारणात स्वच्छ पाण्याचा नळ मागे पडला, आणि रयत पटकीने मरत राहिली.

१२. नाव बदलून खरंच फरक पडतो का, की फक्त शब्दांचा खेळ?

फरक पडतो, पण नाव सगळं काम करत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी कोरोनाचा नवा प्रकार झपाट्याने ओळखून जगाला सांगितला. त्याला ओमिक्रॉन हे ग्रीक नाव मिळालं, देशाचं नाही. (मधली न्यू आणि शाय ही अक्षरं वगळली होती: एक इंग्रजी ‘नवा’ सारखं ऐकू येतं, दुसरं प्रचलित आडनावासारखं लिहिलं जातं.) तरीही काही दिवसांत अनेक देशांनी दक्षिण आफ्रिकेची विमानं बंद केली. नाव स्वच्छ राहिलं, शिक्षा झालीच. स्पेनला १९१८ मध्ये जे मिळालं त्याच प्रकारचं हे बक्षीस होतं.

१३. जपानी मेंदूज्वर, जर्मन गोवर, आणि तो ‘न्यू दिल्ली’ सुपरबग: यांचं काय?

तिन्हींची कहाणी वेगळी आहे.

जपानी मेंदूज्वर जपानात ओळखला गेला, विषाणू तिथेच १९३५ मध्ये हाती लागला. जपानने लसीकरणाने तो जवळजवळ संपवला. आज त्याचा भार आपल्यासारख्या देशांवर आहे: २००५ मध्ये गोरखपूर भागात शेकडो मुलं गेली, आणि भंडारा-गोंदियासारख्या धानाच्या पट्ट्यातही त्याची धास्ती असते. डास, डुकरं, बगळे आणि बांधीतलं साचलेलं पाणी ही त्याची साखळी. नावातल्या ‘जपानी’मुळे काही आईबापांना वाटतं, हा आपला आजार नाही, लस कशाला? असा गैरसमज मी धान उत्पादक गावांत ऐकला आहे. परक्या देशाचं नाव असंही मारतं.

जर्मन गोवर म्हणजे रुबेला. जर्मन वैद्यांनी तो गोवरापासून वेगळा ओळखला म्हणून ते नाव, जर्मनीचा दुसरा काही संबंध नाही. पहिल्या महायुद्धात अमेरिकेत ‘जर्मन’ शब्द नकोसा झाला तेव्हा याला ‘लिबर्टी मीझल्स’ म्हटलं गेलं.

‘न्यू दिल्ली’ सुपरबगमागचं एनडीएम-१ हा आजार नाही. जीवाणूंना जबर प्रतिजैविकांपासून वाचवणारं ते एक विकर, म्हणजे एन्झाइम आहे. दिल्लीत उपचार घेऊन आलेल्या स्वीडनमधल्या एका भारतीय वंशाच्या रुग्णात ते पहिल्यांदा दिसलं आणि त्याला ‘न्यू दिल्ली’ नाव दिलं गेलं. ऑगस्ट २०१० मध्ये त्याचा गाजावाजा झाला, आपल्याकडे संताप उसळला. जानेवारी २०११ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादकांनी नावाबद्दल माफी मागितली. नाव मात्र अजून तेच आहे. या बाबतीत दुसरी बाजूही सांगायला हवी: अशा विकरांना शहरांची नावं देण्याची प्रथा आधीपासून होती, त्यांत इटलीचं व्हेरोना, ब्राझीलचं साओ पावलो, कोरियाचं सोल आहे. आणि आपल्या संतापात मूळ मुद्दा वाहून गेला, तो म्हणजे दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या प्रतिजैविकांचा. नावाचा निषेध करून आपण इशाराही धुडकावला, याचं मला आजही वाईट वाटतं.

१४. आपल्या मराठीतली जुनी नावं बरी होती का?

पुष्कळ अंशी, हो. हिवताप, डांग्या खोकला, गालगुंड, धनुर्वात, हत्तीपाय, मानमोडी. शरीराला काय होतं ते एका शब्दात. २०१५ मध्ये जिनिव्हात जे नियम झाले त्यातलं मुख्य सूत्र आपल्या आज्या आधीपासून पाळत होत्या. इंग्रजीत ज्याला गिनी या आफ्रिकी किनाऱ्याचं नाव चिकटलं तो जंत आपल्याकडे नुसता ‘नारू’. माणसाला होणाऱ्या कालाआजाराच्याच जातकुळीतल्या त्वचेच्या फोडाला इंग्रजांनी दिल्ली, बगदाद आणि अलेप्पो अशी तीन शहरं वाटून दिली. तीनही ठिकाणचं दुखणं एकच.

पण सगळंच निर्मळ नव्हतं. ‘फिरंग’ प्रश्न ४ मध्ये आलंच आहे. दुसरा शब्द ‘महारोग’. त्यात गाव नाही, देश नाही, तरी ‘महारोगी’ म्हटलं की माणूस घराबाहेर, गावाबाहेर. वरोऱ्याला बाबा आमटेंनी आनंदवन उभं केलं त्या संस्थेचं नाव ‘महारोगी सेवा समिती’. तिथल्या कामाने त्या शब्दातलं विष बरंच उतरवलं. आता आपण कुष्ठरोग म्हणतो. तरीही कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यातून जायला २०१९ साल उजाडावं लागलं.

१५. डॉक्टरांची किंवा वंशांची नावं दिली तर चालतं का?

नव्या संसर्गजन्य आजारांना आता व्यक्तीचंही नाव देत नाहीत (प्रश्न ७). वंशाचं नाव तर फारच जखम करतं. डाउन सिंड्रोमच्या मुलांना शंभर वर्षं ‘मंगोल’ म्हटलं गेलं. १९६१ मध्ये तज्ज्ञांनी तो शब्द सोडा असं लिहिलं, १९६५ मध्ये मंगोलियाने जागतिक आरोग्य संघटनेकडे तशी विनंती केली. आपल्याकडच्या काही वयस्क डॉक्टरांच्या तोंडी तो शब्द मी परवा-परवापर्यंत ऐकला.

१६. सिकलसेलच्या नावात तर कुठलाच देश, कुठलीच जात नाही. तरी लोक लपवतात. असं का?

कारण नावाआधीच ओळख चिकटलेली असते. विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी, एवढाच त्या नावाचा अर्थ. अमेरिकेत तो ‘काळ्यांचा आजार’ ठरला, आणि विदर्भात आदिवासी व काही दलित समाजांचा. लग्न मोडेल म्हणून मुलीचा ‘एएस पॅटर्न’चा रिपोर्ट कपाटात दडवणारी घरं मी पाहिली आहेत. हे जनुक मलेरियाच्या प्रदेशांत टिकलं, कारण एएस असलेल्याला मलेरियापासून काहीसं संरक्षण मिळतं. त्यात लाज वाटण्यासारखं काय आहे? एएस म्हणजे फक्त वाहक. दोन वाहकांनी लग्न करायचं ठरवलं तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, म्हणून आधी तपासून, समजून घ्यावं. तपासणी दोघांचीही करा, फक्त मुलीची नको.

१७. प्राण्यांच्या नावाने तर माणसाचा अपमान होत नाही. स्वाइन फ्लू म्हटलं तर काय हरकत?

२००९ मध्ये इजिप्तने या नावाच्या धास्तीने लाखो डुकरं मारायला काढली. साथ माणसाकडून माणसाला पसरत होती. ज्यांची डुकरं गेली ते गरीब होते. मंकीपॉक्सला नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘एमपॉक्स’ नाव मिळालं, तेही माकडांवरचे हल्ले आणि माणसांना मारलेले टोमणे पाहून.

१८. मग मेसेज पाठवताना, बातमी लिहिताना नेमकं काय लिहू?

ठिकाण लिहा, पण नावात नको, वाक्यात लिहा. ‘गुजरातमध्ये चांदीपुरा विषाणूचे रुग्ण आढळले’ हे बरोबर. ‘गुजरातचा विषाणू’ किंवा ‘नागपूरचा ताप’ चूक. ‘इंडियन व्हेरियंट’ऐवजी ‘डेल्टा’, ‘स्पॅनिश फ्लू’ऐवजी ‘१९१८ चा इन्फ्लुएन्झा’ किंवा सरळ ‘मानमोडी’. वस्तीचं नाव द्यावंच लागलं तर सोबत कारणही द्या: पाणी, गर्दी, डास. जुनं रुळलेलं नाव वापरताना एक ओळ जोडा, की हे नाव सापडल्या जागेचं आहे.

आणि चांदीपुराबद्दल लिहीत असाल तर नावाच्या आधी हे लिहा: लहान मुलाला अचानक जोराचा ताप आणि झटके आले तर सकाळची वाट न पाहता दवाखान्यात न्या. घराच्या आणि गोठ्याच्या भिंतींच्या भेगा बुजवा, सँडफ्लाय तिथे राहते. पावसाळ्यात मुलांना रात्री मच्छरदाणीत झोपवा, आणि ती बारीक जाळीची घ्या, कारण ही माशी डासाहून लहान असते.